साखर उतरलेला माणूस

लालबाग
८ जानेवारी

सुनेत्राताई,

तुम्ही फोन घेत नाही. मेसेज वाचता, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. म्हणून पोस्टाने लिहिते. फाडून टाकायचं असेल तर टाका, फक्त श्रेया शाळेतून यायच्या आत टाका. माझं अक्षर ओळखते ती.

तिला कणकवलीला नेलंत, तिथल्या शाळेत बसवलंत, तिचं वर्ष वाचवलंत. हे मी विसरणार नाही. पण निघताना वॉर्डात सगळ्यांसमोर मला म्हणालात, "माझ्या भावाला आत टाकून काय मिळवलंस? कोर्टात खरं काय ते सांग." तेव्हा माझ्या नाकात नळी होती, मला उत्तर देता आलं नाही. आता देते.

मी कुणाला आत टाकलेलं नाही. चाकूचे घाव घेऊन बाई आली की हॉस्पिटल पोलिसांना कळवतंच. हवालदार आला तेव्हा मी शुद्धीवरही नव्हते.

त्या रविवारी काय झालं ते तुम्हाला लोकांकडून कळलंय. माझ्याकडून ऐका.

ह्यांनी सकाळी पोटात इन्शुलिनची सुई घेतली आणि नाश्ता न करताच बाहेर पडले. ह्यांच्या गोदामातले एकजण रिटायर होत होते, त्यांच्याकडे कॉटन ग्रीनला बसणार होते. मी म्हटलं, दोन घास खाऊन जा. म्हणाले, तिकडे आहे सगळं. तिकडे दारू होती आणि शेंगदाणे होते. दुपारी परत आले तेव्हा मी ओट्यावर सुरमई कापत होते. दार सताड उघडं होतं, खिडकीही. मासळीचा वास जावा म्हणून मीच उघडी ठेवली होती.

मी न वळताच म्हटलं, "हात धुऊन बसा, पाच मिनिटांत तुकड्या तळते."

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर हे माझ्या मागे उभे. अंगातला शर्ट भिजून छातीला चिकटलेला. माझ्याकडे बघत होते, पण कपाटाकडे बघावं तसे. मी म्हटलं, "काय झालं?" तर त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली. हिसकावली नाही हो. मी दिली. मला वाटलं, कापायला मागतायत.

पहिला घाव मी हाताने अडवला, कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. दुसरा खांद्यात. मी "अहो, अहो" एवढंच म्हणत होते. तिसरा उजव्या बरगड्यांच्या खाली गेला आणि सुरी आत राहिली. तेव्हा दुखलंच नाही, नुसता धक्का बसल्यासारखं झालं. मी ओट्याला धरून खाली बसले. मग ह्यांनी काय केलं माहितीय? सुरमईचं डोकं उचललं आणि फ्रीजवर आपटत राहिले. फ्रीजला शिव्या देत होते, त्यातला एक शब्द लागत नव्हता. माझ्याकडे पाठ होती. जणू मी तिथे नव्हतेच.

समोरच्या जाईबाई धावत आल्या, मग अख्खा मजला आला. तोवर हे खाली कोसळून हातपाय झाडायला लागले होते, तोंडाला फेस. ॲम्ब्युलन्सवाल्याने बोट टोचलं तर साखर एकतीस. आम्हां दोघांना एकाच गाडीतून नेलं.

माझं लिव्हर फाटलं होतं. शिवलं. डॉक्टर म्हणतात, लिव्हर भरून येतं, वाढतंसुद्धा.

ताई, ह्याच्याआधी आमच्यात काही नव्हतं. संसारात सगळ्यांच्या असतं तेवढंच. हे मी पोलिसांनाही सांगितलंय.

श्रेयाला म्हणावं, आई बरी आहे.

दर्शना


लालबाग
२ फेब्रुवारी

ताई,

तुमचा भाऊ घरी आला. परवा जामीन झाला. माझी हरकत नाही असं मी वकिलाला लिहून दिलं, म्हणून झाला. आता तरी तुमचा राग जावा.

का लिहून दिलं ते सांगते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर वैदेही म्हणून एक आहेत. खालच्या वॉर्डात पोलीस पहाऱ्यात ह्यांना त्याच बघत होत्या. एक दिवस वर माझ्याकडे आल्या, स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "दर्शनाताई, मिस्टरांना त्या दिवसाचं काहीच आठवत नाहीये. ते खोटं बोलत नाहीयेत, हे तुम्हाला कळायला हवं."

मी म्हटलं, "साखरेने माणूस चाकू मारतो?"

त्या म्हणाल्या, "साखर उतरली की मारू शकतो. मेंदू साखरेवरच चालतो. ती मिळाली नाही की आधी विचार जातो, ओळख जाते. हात मात्र काही वेळ चालू राहतात."

मी विचारलं, "पण कळत कसं नाही? आपल्याला भूक लागली तरी कळते."

मग त्यांनी माझ्याच पोटावर, पट्टीच्या वर, बोट टेकवून दाखवलं. जेवणातली साखर आतड्यातून रक्तात येते आणि ते रक्त एका मोठ्या शिरेने आधी इथे, लिव्हरमध्ये येतं. त्या शिरेच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. रक्तात किती साखर आहे ते तिथे चाखलं जातं. साखर हळूहळू कमी होऊ लागली की ती टोकं मेंदूला वर्दी देतात. मग घाम फुटतो, हात कापतात, खा खा सुटते, आणि लिव्हर स्वतःजवळची साठवलेली साखर सोडतं. माणूस चिडचिड करत का होईना, बिस्किटाचा पुडा फोडतो आणि वाचतो.

"पण ज्यांची साखर वर्षानुवर्षं अशी वरचेवर उतरते," त्या म्हणाल्या, "त्यांच्यात ही वर्दी मंद होत जाते. गेली तरी वर कुणी दाद देत नाही. त्यात दारू. लिव्हर दारूचं निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर करून देत नाही. पोटात अन्न नाही, वरून इन्शुलिन. मिस्टरांना शेवटपर्यंत काही कळलंच नसणार. आम्हालाही ह्यातलं सगळं कळलंय असं नाही, बरंचसं जनावरांवरच्या प्रयोगांतून समजलंय. पण त्या दुपारी तुम्हाला मारणारा माणूस शुद्धीत नव्हता, एवढं मी कोर्टात सांगेन."

त्या गेल्यावर मी रडले. शेजारच्या बाईला वाटलं टाके दुखतायत. मी आनंदाने रडत होते. मला मारणारा तो नव्हताच. त्याच्या लिव्हरापासून मेंदूपर्यंतची वायर तुटली होती, बस.

मग मी मागचं एकेक काढायला लागले. गेल्या दिवाळीत माझा दात पडला, तुम्हाला बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं होतं. तीही साखरच असणार. उलथन्याचा डाग, तो तापल्या तव्याचा म्हणून सांगितलेला, तेही तेच असणार. किती हलकं वाटलं सांगू. इतकी वर्षं मी उगाच माझं काय चुकलं ते शोधत होते.

आता ह्यांच्या दंडाला नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलंय. त्याला सेन्सर म्हणतात. कातडीखालची साखर सारखी मोजत राहतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो. शेजारी बाण असतो, साखर चढतेय, उतरतेय की स्थिर आहे ते सांगणारा. सत्तरच्या खाली गेली की माझ्याही मोबाइलवर भोंगा वाजतो, मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामावर असले तरी. जी वर्दी आतून येत नाही ती आता बाहेरून येईल, असं डॉक्टर म्हणाल्या.

दारू सोडली आहे. जेवण वेळेवर. काल स्वतः मला चहा करून दिला.

श्रेयाला आणून सोडता का? तिचा वाढदिवस इथे करू.

दर्शना


शीव
१९ मार्च

ताई,

वरचा पत्ता बघून समजला असाल. मी आईकडे आहे.

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी, पण तुम्ही लिहिलंत. "बाबाही असेच तापट होते. घराण्यातच साखर आहे. आईने कधी गाजावाजा केला नाही. दौलतला सांभाळ." तुमचं ऐकायचं म्हणून मी त्याला सांभाळत होते. आता जे लिहितेय ते उभ्याने वाचू नका.

शुक्रवारी मी दुकानातून उशिरा आले. लग्नसराई आहे, एक नवरीकडची मंडळी बसली ती उठेचनात. घरी आले तर दौलत सोफ्यावर. जेवलेला, ताट धुऊन पालथं घातलेलं. दारूचा वास नाही. मला वाटलं, चला, बरं झालं.

मी पर्स ठेवली, मोबाइल ओट्यावर भिंतीला टेकवून चार्जिंगला लावला.

तो उठला. आधी दाराची आतली कडी लावली. मग खिडकीची काच सरकवली, पडदा ओढला. रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि फ्रीजवर ठेवलं. पट्टा गुंडाळून, नीट.

मला कळलं. अंगाला आधी कळतं.

"कुणाबरोबर होतीस?"

"दुकानात. बस्ता होता. हवं तर शेठना फोन लाव."

"शेठना फोन लावू? मला शहाणपण शिकवतेस?"

पहिली थप्पड कानाच्या मागे, केसांत. तिथे वळ दिसत नाही. मी भिंतीवर आदळले. मग केस धरून खाली बसवलं आणि लाथा घातल्या. उजव्या कुशीत, ताई. जिथे शिवलंय तिथे. एक लाथ डावीकडे बसली तर थांबला, मला पायाने उलटी केली आणि पुन्हा उजवीकडे घातली. मी आवाज काढला नाही. बारा वर्षांत सवय झालीय, आवाज काढला की वेळ वाढतो.

मी जमिनीवर होते तेव्हा ओट्यावरचा मोबाइल उजळला. दुकानातल्या मुलीचा मेसेज होता, घरी पोचलात का म्हणून. त्याच्याच वर दौलतचा आकडा. एकशे अडतीस. बाण आडवा, स्थिर.

मी बघत राहिले. मी काय बघतेय ते त्याने पाहिलं. तो ओट्याकडे गेला, मोबाइल उचलला, आकडा वाचला. वाचला, हे मी पाहिलंय. मग मोबाइल पालथा ठेवला आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर वैदेहींकडे गेले. उभ्या उभ्याच विचारलं, "साखर उतरलेला माणूस खिडकी लावतो का?"

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा."

"लावतो का, सांगा."

"नाही लावत. आवाज बाहेर जाईल, कुणीतरी ऐकेल, हे सुचायला मेंदू चांगला चालू असावा लागतो. ते तुम्हाला मारायच्या आधी काय काय करतात?"

मी सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. त्यांनी मला आडवं करून पोट तपासलं, सोनोग्राफीला आणि एक्स-रेला पाठवलं. लिव्हर शाबूत आहे, दोन बरगड्यांना चीर आहे. म्हणाल्या, "मी तुम्हाला त्या रविवारचं सांगितलं होतं. तुम्ही ते बारा वर्षांना लावलंत. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

त्यांचा काय दोष? मलाच लावायचं होतं.

आता विचार करते तर सगळं लख्ख दिसतं. आपण चाळीत होतो तेव्हा तो मला पाठीत एखादा गुद्दा घालायचा, त्याहून जास्त नाही. गॅलरीत माणसं असायची, दारं उघडी. मला वाटायचं, स्वभाव आहे, जरा तापट आहे. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात घर मिळालं, जाड दार, सरकत्या काचा, प्रत्येकाचं आपापलं बंद, आणि खरा मार तिथे सुरू झाला. साखरेला टॉवर आणि चाळ कळते का? आणि चाकूच्या दिवशी दार सताड उघडं होतं. टॉवरमध्ये आल्यापासून तो एकदाच उघड्या दाराने मारायला धावला, आणि त्याच दिवशी तो शुद्धीत नव्हता.

श्रेयाला एक विचाराल? मी फोनवर विचारू शकले नाही. तिला विचारा, टीव्हीचा आवाज कोण वाढवायचं. ती सांगेल, बाबा म्हणायचे, श्रेया, कार्टून मोठ्याने लाव. आणि ती लावायची, कानावर उशी घेऊन टीव्हीकडे बघत बसायची. आठ वर्षांची होती. मी आतल्या खोलीतून कार्टून ऐकायची.

आणखी एक. मी निघाले तेव्हा जाईबाई जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "गो दर्शना, माका सगळा आयकाक येय. पण दार तुमचा, मी काय करू?" मी तुमचं पत्र त्यांना सांगितलं, बाबांचं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "सुनेत्राच्या बापाशीक साखर? खंयची साखर? सत्तरीतही जिलब्या खाय तो."

त्या म्हणाल्या, तुम्ही लहानपणी बाबा कामावरून यायच्या वेळेला त्यांच्याकडे येऊन बसायचात. तांदूळ निवडून द्यायचात, कुणी न सांगता. निवडलेलेच पुन्हा निवडायचात.

ताई, बाबांना साखर नव्हती ना?

दर्शना


शीव
११ एप्रिल

ताई,

दौलत जिवंत आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी घर सोडलं पण त्याच्या सेन्सरचा भोंगा माझ्या मोबाइलवर तसाच राहिला होता. काढायचा राहिला म्हणा, काढवला नाही म्हणा. मंगळवारी दुपारी दुकानात एका बाईला पैठणी उलगडून दाखवत होते आणि तो वाजला. बासष्ट, बाण खाली. मी फोन लावला, त्याने घेतला नाही. पुन्हा लावला. चोपन्न.

मी मोबाइल ड्रॉवरमध्ये ब्लाउजपीसच्या खाली ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. मी ड्रॉवर बंद केला आणि पदर दाखवायला घेतला. मनात म्हटलं, माझा आता संबंध नाही. त्याला मी उपाशी ठेवलं नाही, मी बाटली दिली नाही. आतून भोंगा वाजत होता, कापडांतून दबलेला. ती बाई म्हणाली, "अहो, तुमचा फोन." मी म्हटलं, "असू दे." माझ्या कुशीतली बरगडी ठणकत होती. मला वाटलं, थोडा वेळ असंच उभं राहायचं, मग आपोआप थांबेल.

मग माझ्या डोळ्यांसमोर आली श्रेया. मोठी झाल्यावर विचारेल, तेव्हा तू कुठे होतीस? मी पैठणी तशीच टाकली आणि टॅक्सी केली. वाटेतून जाईबाईंना फोन केला.

दाराला आतून कडी. जाईबाई दार बडवत होत्या. खालच्या मजल्यावर सुतारकाम चालू होतं, तिथल्या दोघांना बोलावलं, त्यांनी कडीपाशी दार फोडलं. आत दौलत स्वयंपाकघरात उभा होता, कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात उतरलेलं. भिंतीवर डोकं आपटत होता, एका ठेक्यात. टेबलावर बाटली. दारू सोडली नव्हतीच. जेवणाचा डबा न उघडलेला.

मी जवळ गेले तर त्याने माझा गळा धरला. ताई, काय ताकद असते त्या हातांत. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होते आणि त्यात मी नव्हते. मला आवळताना त्याला राग नव्हता. त्या शुक्रवारी होता. हे दोन वेगळे हात आहेत, हे मला गळा आवळलेला असताना कळलं, आणि पुन्हा कधी कुणी सांगून ते पुसता येणार नाही.

सुतारांनी दोन्ही बाजूंनी ओढून त्याला खाली पाडलं, एकजण छातीवर बसला. एकाच्या ओठातून रक्त आलं. मी ग्लुकोजची ट्यूब फोडली, बोटाने त्याच्या गालाच्या आत चोळायला लागले. तो चावला. करंगळीच्या शेजारचं बोट, हाडापर्यंत. जाईबाईंनी त्याचं नाक दाबलं तेव्हा कुठे सुटलं. मी दुसऱ्या हाताने चोळत राहिले. थोडं थोडं, घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवून.

हळूहळू हात सैल पडले. पापण्या फडफडल्या. मग त्याने मला पाहिलं. आत्ता खरंच पाहिलं. म्हणाला, "दर्शना, तू आलीस?" आवाज लहान मुलासारखा होता. माझं मन भरून आलं, खोटं कशाला सांगू.

सुतार उठले. तो सगळ्यांना हात जोडून थँक्यू म्हणाला. उठून बसला, अर्धा पेला साखरपाणी स्वतःच्या हाताने प्यायला. जाईबाई फडकं आणायला वळल्या, सुतार फुटलेल्या दाराकडे गेले. तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. चावलेला हातच. बोट दुमडून मागे दाबलं आणि हसऱ्या चेहऱ्याने, अगदी हळू म्हणाला, "लोकांना घरात कशाला घेतलंस? दार फोडलंस माझं. बघतो तुला."

मी ओरडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. दार फुटलेलं होतं, आवाज पार लिफ्टपर्यंत गेला.

जाईबाई फडकं घेऊन उभ्याच राहिल्या. त्याला म्हणाल्या, "आता खंयची रे साखर? आत्ता पिलंस ती?"

त्या माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला आल्या. वाटेत माझं बोट शिवून घेतलं. तिथे ज्या बाई साहेब होत्या त्यांना मी म्हटलं, दोन गोष्टी लिहा. पहिली, चाकूच्या दिवशी दौलत शुद्धीत नव्हता, मला ओळखत नव्हता, त्या गुन्ह्यात मी त्याच्या बाजूने साक्ष देईन. डॉक्टरही देतील. दुसरी, बाकीचं सगळं. दात, उलथनं, बरगड्या, बोट. तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता.

त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही नवऱ्याच्या बाजूच्या की विरुद्ध? वकील तुमचा भुगा करेल. तो म्हणेल, एकदा साखर तर प्रत्येक वेळी साखर."

मी म्हटलं, "करू दे. दोन्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. खिडकीचं लिहिलं, टीव्हीचं लिहिलं, घड्याळाचं मी विसरले होते, त्याची आठवण जाईबाईंनी करून दिली, वाटेत मीच त्यांना सांगितलं होतं. माझी सही झाल्यावर त्यांनी जाईबाईंची घेतली. त्यांना सही येत नाही असं मला वाटायचं. नीट पूर्ण नाव लिहिलं त्यांनी.

तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात, कोर्टात खरं काय ते सांग. मी सांगणार आहे. तुम्हाला हवं होतं त्याच्यापेक्षा जास्त आहे ते.

त्याच्या सेन्सरमधून माझा नंबर मी काढला. तुमचा घातलाय. परवानगी न विचारता घातला. तुमच्या मोबाइलवर एक लिंक येईल, श्रेया लावून देईल. तो तुमचा भाऊ आहे, त्याला मरू द्यायचं नाही हे मलाही मान्य आहे, पण आता तो भोंगा माझ्याकडे नको. वाजला की आधी जाईबाईंना फोन करा. त्या कुणाला तरी घेऊनच आत जातील, एकट्या जाणार नाहीत. तसं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

श्रेयाला न्यायला येऊ का, की पाठवता? तिला विचारून कळवा. माझ्याकडे आईच्या घरात एका गादीपुरती जागा आहे.

दर्शना


कणकवली
१९ एप्रिल

दर्शना,

श्रेयाला विचारलं. टीव्हीचं तिने सांगितलं. आणखी बरंच सांगितलं, ते तुला आल्यावर तिच्याकडूनच कळेल. ती सांगत होती आणि मी सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मध्येच तिने सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

बाबांना साखर नव्हती. दौलत आठ वर्षांचा असताना बाबांनी आईला जिन्यावरून ढकललं. दौलत वरच्या पायरीवर उभा होता. मी जाईबाईंकडे होते. तो खाली धावला नाही. खूप वेळ नुसता बघत होता, असं आई म्हणायची. मला कायम वाटत आलं की तो घाबरला होता. आता काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

भोंगा काल वाजला. हातातली कढई पडली माझ्या. जाईबाईंना फोन केला, त्या वॉचमनला घेऊन गेल्या, त्याला साखर दिली. नंतर त्याचा मला फोन आला. "ताई, तू आहेस म्हणून मी आहे," म्हणाला. मग म्हणाला, "दर्शनाला सांग, कम्प्लेंट मागे घे, नाहीतर श्रेयाचं तोंड बघू देणार नाही." आवाज अगदी शांत होता. मी मोबाइलवर त्याचा आकडा बघितला. एकशे चार.

त्याच्यासाठी मी जागी राहीन, भोंगा वाजला की फोन करीन. माझ्या आईचा मुलगा आहे तो. पण तो काय म्हणाला ते मी तुझ्या त्या साहेबबाईंना फोन करून सांगितलंय. त्या म्हणाल्या, इथे येऊन लेखी द्यावं लागेल. देईन. कोर्टात कोणत्या बाकावर बसायचं ते मात्र मला अजून कळत नाही, आणि तू विचारू नकोस.

श्रेयाला मी स्वतः घेऊन येते, शनिवारी. गादी एकच असली तरी चालेल म्हणाली, आईच्या डाव्या कुशीला झोपेन, उजवीकडे दुखतं.

सुनेत्रा